दिल्याच्या डब्यातला आवाज

चार जण मिळून ऑर्केस्ट्रा काढला की गाणी बसायच्या आधी किस्सेच जास्त जमतात. आमच्या अंधेरीच्या ऑर्केस्ट्रातले निम्मे किस्से एकट्या दिल्याच्या नावावर आहेत. दिल्या मरोळला रेडिओ दुरुस्त करायचा आणि मी गिटार वाजवायचो. ऐंशीच्या दशकात त्यानं माझ्यासाठी घरीच गिटारचं पेडल बनवलं, तेव्हाचे हे.

*

सुरुवात केली आमच्या म्होरक्यानं, तात्यांनी. एका तालमीनंतर म्हणाले, "तुझी गिटार फारच गरीब वाजते रे. गणपतीच्या प्रोग्रॅमला वांद्र्याच्या रॉनीला बसवतो. त्याच्याकडे इम्पोर्टेड पेडल आहे, पायानं दाबलं की काय गुरगुरतं!"

सात वर्षांची माझी खुर्ची जायची वेळ आली. मी तडक दिल्याकडे गेलो.

दिल्या मात्र खूश. "त्या गुरगुरण्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. म्हणजे काय, आवाज मुद्दाम फाडायचा. आयुष्यभर फाटके आवाज शिवले, आता एक फाडून देतो."

*

त्यानं एक सोडून दोन सर्किटं बनवली. एकाचा आवाज जाड आणि गुळगुळीत, दुसऱ्याचा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. एक ऐकलं की मला दुसरं हवंसं वाटायचं.

वैतागून तो म्हणाला, "दोन्ही घे. मधे एक नॉब लावतो. डावीकडे जाड, उजवीकडे धारदार, मध्यावर दोन्ही."

नॉब मध्यावर आणला आणि आवाजच गेला! डावीकडे झकास, उजवीकडे झकास, मध्यावर नुसती डासाएवढी कुरकुर. दिल्या दोन दिवस डोकं धरून बसला. मग कळलं, एक सर्किट आवाजाची लाट उलटी करून बाहेर सोडत होतं, म्हणून दोघं एकमेकांना खाऊन टाकत होते.

"आमच्या दोन काकांसारखं झालं यार," तो म्हणाला. "एकेकटे भरपूर बोलतात, एका खोलीत आले की दोघंही गप्प."

एक ट्रान्झिस्टर वाढवून त्यानं उलटा आवाज सुलटा केला.

*

चाळीत वाजवू देईनात, म्हणून बॅटरीवरचा स्पीकर घेऊन आम्ही आरे कॉलनीत गेलो. धारदार बाजू लावली तसा गोठ्यातून भैया धावत आला. "वो मशीन बंद करो, भैंस दूध नहीं दे रही."

दिल्यानं शांतपणे नॉब मध्यावर आणला. म्हशीनं कान हलवले आणि पान्हा सोडला.

"तात्यांच्या आधी हिनं पास केलं," दिल्या म्हणाला.

*

पेडल बनलंय म्हटल्यावर गणपतीत तात्यांनी मला एकच गाणं दिलं. "जमलं तर खुर्ची तुझी. नाहीतर रॉनी समोर बसलाच आहे."

मी नॉब मध्यावर ठेवला आणि पेडल दाबलं. पहिलाच सूर असा निघाला की मागच्या रांगा उभ्या राहिल्या. तीनदा वन्समोर मिळाला. तात्या माईकवरच म्हणाले, "रॉनी, आज तू फक्त ऐक."

गाणं संपल्यावर रॉनी स्टेजवर आला आणि पेडल कुठल्या कंपनीचं ते बघायला गुडघ्यावर बसला. दिल्यानं सगळं सामान घरातल्या चौकोनी स्टीलच्या डब्यात बसवलं होतं. डब्याच्या कडेला कोरलेलं होतं, 'कै. पार्वतीबाई यांच्या स्मरणार्थ'.

रॉनीनं एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि दिल्याला म्हणाला, "मेरे को भी एक मंगता है. लेकिन सेम, पार्वतीबाईवाला."

दिल्याची आई पहिल्याच रांगेत होती. ती उठून पुढे आली. म्हणाली, "सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला असले पंचवीस वाटले होते. पाहुण्यांकडून परत मागून आणू काय?"