गाडी डावीकडे ओढते

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी हौस भागवून घेतली. एका डॉक्टरांनी वापरलेली मोठी जर्मन गाडी विकत घेतली. काळी, लांबलचक, काचा लावल्या की नागपूरचा गोंगाट बाहेरच राहणारी. बायको म्हणाली, "दोन माणसांले एवढी कशाले?" आणि दोन महिन्यांत ती चालवण्यात माझ्यापेक्षा सराईत झाली. दर शनिवारी सकाळी आठच्या आत ती खाप्याला आईकडे पोचायची. सासूबाईंचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना आंघोळ घालायला एक बाई येत असे, पण शनिवारी तिची सुट्टी. तो दिवस लेकीचा.

हिवाळ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. सपाट, सरळ रस्त्यावर हात जरा सैल केला की ती हळूच कडेला सरकायची. सरळ जातानाही स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागायचं. एवढ्या दिमाखदार गाडीत तसं वाकडं धरून बसायची मला लाज वाटे. व्हील अलाइनमेंट करून आणली. चाकांना यंत्रं लावली, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले, गाडी सुतासारखी सरळ धावली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

मी तापट माणूस. शिवाय उभी नोकरी सिंचन खात्यात, दुसऱ्यांच्या बांधकामातल्या चुका काढण्यात गेलेली. गुन्हेगार शोधायला मला वेळ लागला नाही. "खाप्याला जाताना सावनेरच्या रस्त्यावरचे खड्डे आणि तुझी घाई," मी म्हणालो. ती म्हणाली, "खड्डा चुकवूनच चालवते मी." मी चावी माझ्या कपाटात ठेवून दिली. ती पुढच्या शनिवारी एसटीने गेली.

मी पुन्हा अलाइनमेंट केली. गाडी पुन्हा डावीकडे जायला लागली. आता चालवत मी एकटाच होतो, पण माझं डोकं असं की, हिने केलेलं नुकसानच खोलवरचं असणार, असा मी निष्कर्ष काढला.

पाच शनिवार ती एसटीने गेल्यावर कळमेश्वर रस्त्यावरच्या एका मेकॅनिकचं नाव कुणीतरी सुचवलं. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. त्याने यंत्र लावण्याआधी समोरच्या डाव्या चाकापाशी बसून टायरवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळ्या रंगाची भुकटी लागली.

"साहेब, घरी गाडी आत कोण लावते?"

"मी."

"फाटकापाशी पिवळा रंग मारेल आहे का?"

होता. आमचं फाटक स्कूटरच्या काळातलं. ही गाडी आत घ्यायची तर वळवून, नालीवरच्या उतारावरून घ्यावी लागे. तो उतार मीच उभा राहून बांधून घेतला होता आणि दिवाळीत त्याची कड पिवळी रंगवली होती. बायको फाटकाशी थांबून हॉर्न वाजवायची आणि मी बाहेर येऊन गाडी आत घ्यायचो. एवढी गाडी तिला आत घेता येणार नाही, हे मीच ठरवलं होतं.

"वळवलेलं चाक रोज त्या कडेले ठोकून राहिले तुम्ही," तो म्हणाला. "चाक वळवणारा रॉड वाकला आहे. नुसत्या अलाइनमेंटनं काय होते?"

त्याने रॉड बदलला. परतताना गाडी नाकासमोर चालत होती आणि मी शरमेने तापलो होतो.

घरी बायको भाजी निवडत होती. मी चावी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"मले माहीत होतं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात धप्प आवाज येते."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर निकालच लावून टाकला होता."

त्या शनिवारी ती गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसलो होतो. आठच्या आत खाप्याला पोचलो. ती मागे पाणी तापवायला गेली. सासूबाईंच्या उशाशी शेजारणीने दिलेला चहा तसाच झाकून ठेवलेला होता.

"चहा घेतला नाही?" मी विचारलं.

"आंघोळीबिगर मी तोंडात काही घालत नाही, तुम्हाले तर माहीत आहे." त्यांनी आवाज हळू केला. "पाच शनिवार बस साडेअकराले आली. पोरीले सांगू नका, तिच्या जिवाले लागन. गाडी बिघडली होती म्हणे तुमची. झाली का दुरुस्त?"

बायकोने आपल्या आईला माझं नाव सांगितलं नव्हतं. मला तिथे बसवेना.

"गाडी चालत होती," मी म्हणालो. "चावी मी काढून घेतली होती."

त्यांनी मग उशाजवळची कपबशी माझ्याकडे सरकवली.

"घ्या जावईबापू, तुम्ही घ्या चहा. माझी आंघोळ व्हायची आहे."