वली टायपिस्टनं अडवलेलं प्रमेय

उमरग्याला कचेरीच्या फाटकाशी वली टायपिस्टचं टेबल होतं. शिकलेला सातवीपर्यंत, पण इंग्रजी कागद असा टाइप करायचा की वकील बघत राहायचे. दूध संस्थेचे ठराव, टँकरचे अर्ज, जमिनीचे दस्त, सगळं त्याच्याच हातचं. तोंडाचा मात्र फटकळ. "घाई असंल तर दुसरीकडं जावा," असं गिऱ्हाइकाला बेधडक सुनवायचा.

ब्याऐंशी साली कॉलेजातले गणिताचे श्रीपती सर त्याच्याकडं प्रबंध घेऊन आले. बौद्ध वस्तीतले, घरात कॉलेज बघणारे पहिलेच. महिनाअखेरपर्यंत प्रबंध गेला तर विद्यापीठातली जागा त्यांना मिळणार होती. वली टाइप करताना गणिताच्या खुणांना मोकळी जागा सोडायचा, सर त्या शाईनं भरायचे.

"हे हाय तरी काय, सर?" एकदा त्यानं विचारलंच.

"आकारांची वर्गवारी, चाचा. काही आकार इतक्या मितींचे, की डोळ्यांपुढं येतच नाहीत. मग ते एका वाकड्या रेघेवर पसरायचे. ओढ्याच्या काठानं चालताना पावलापावलाला जमीन उभी चिरून बघावी, तसं. रेघ कळली, तिच्यावरचे छेद कळले, की अख्खा आकार निदान किती गुंतागुंतीचा ते सांगता येतं. तेच माझं प्रमेय."

"आन् मधीच खडक फुटलेला निघाला तर?"

"असे बिघडलेले छेद मोजक्याच बिंदूंवर असतात," सर हसून म्हणाले.

दुसऱ्या प्रकरणात तसं लिहिलंही होतं: मोजके बिंदू वगळून. चौथ्यात, जिथं प्रमेय सिद्ध होत होतं, तिथं मात्र 'सर्व बिंदूंवर'. वलीचे हात थांबले. गणितातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण दस्तात एकदा 'अमुक गट वगळून' आलं, की ते शेवटच्या पानापर्यंत सांभाळावं लागतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं.

बोलावं का? सातवी पास माणसानं प्राध्यापकाला?

बहात्तरच्या दुष्काळात एका साहेबानं त्याच्याकडून अहवाल टाइप करून घेतला होता: सर्व वस्त्यांना टँकर पोचतो. वलीच्या बहिणीच्या, शरिफाबीच्या वस्तीला तो पोचत नव्हता. वलीला ते ठाऊक होतं, तरी तो मुकाट टाइप करत राहिला. ती दोन कोसांवरून हंडे वाहत होती. अहो, एवढा फटकळ माणूस, आणि नेमक्या वेळेला जीभ टाळ्याला चिकटली! ती लाज त्याला दहा वर्षं जाळत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरांपुढं पान धरलं. "ते वगळलेले बिंदू हितं कुठं गेले, सर?"

सर चिडले. "लिहिलंय तेवढं टाइप करा, चाचा."

"करतो की. पर आधी दावा."

सरांनी पान ओढून घेतलं. वाचलं, परत वाचलं, आणि चौथं प्रकरण मुळापासून तपासायला घेतलं. सगळे छेद धड आहेत असं धरूनच त्यांची मांडणी चालली होती. बिघडलेल्या बिंदूंपाशी ती टिकत नव्हती.

महिनाअखेर उलटली. जागा दुसऱ्याला गेली. "कशाला बोललो म्या! बिचाऱ्याच्या अन्नात माती कालवली," म्हणत वलीनं कपाळ बडवून घेतलं. सर रस्त्यानं येताना दिसले की तो मान खाली घालायचा.

दीड वर्षानं सर पुन्हा टेबलापाशी आले. हातात साठच पानं. प्रमेय आता फक्त अशा आकारांपुरतं होतं, ज्यांचा एकही छेद बिघडलेला नाही.

"सर, माझ्यापायी तुमची जागा..." वली म्हणाला.

"जागा चुकीपायी गेली, चाचा. चूक माझी होती. तुम्ही गप बसला असता, तर मी ती जन्मभर पोरांना शिकवत बसलो असतो."

"आन् त्या बिघडलेल्यांचं काय?"

"ते मला जमलं नाही. तसंच लिहिलंय शेवटी."

वलीनं ते शेवटचं पानच सगळ्यात आधी टाइप केलं. संध्याकाळी तो शरिफाबीच्या वस्तीला गेला आणि टँकरचा तो अहवाल आपणच टाइप केला होता, हे तिला सांगून टाकलं.

शरिफाबीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तवाच का न्हाय बोललास?"

"भ्यालो साहेबाला. चूक माझीच व्हती," वली म्हणाला.