तक्रारी नको असलेलं तक्रार पोर्टल

मंडळी, आज अमरावतीत एका कार्यालयात बोंडअळीच्या तक्रारींसाठी पोर्टलचं उद्घाटन झालं. सर्व्हर मीच लावला होता.

पोर्टल व्हर्च्युअल मशीनवर आहे, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. सकाळी मी त्याचं नेटवर्क अडॅप्टर बाहेरच्या नेटवर्कला जोडत होते, तर साहेब म्हणाले, "आतल्याच नेटवर्कवर राहू द्या. बाहेर उघडलं तर तक्रारी येतील ना!"

नाइलाजाने तसंच ठेवलं; आता पोर्टल फक्त सर्व्हरवरच उघडणार होतं.

सर्व्हरला जोडलेल्या हॉलमधल्या पडद्यावर पोर्टल झकास उघडलं. हार झाले, फोटो झाले. तेवढ्यात भातकुलीचे एक काका मोबाइल घेऊन उठले. "साहेब, माह्या फोनवर तं उघडूनच नाही राहिलं."

"गावात रेंज नसेल," साहेब हसले.

"गावात कायले? मी तं तुमच्यासमोर उभा आहो!"

माझं डोकं फिरलं. सरळ सर्व्हरपाशी गेले आणि अडॅप्टर बाहेरच्या नेटवर्कला जोडलं. काकांनी उभ्याउभ्याच पहिली तक्रार टाकली. ती पडद्यावर सगळ्यांनी वाचली.

साहेबांनी मला दारात गाठलं. "कोणाले विचारून केलं?"

"काकांनी विचारलं, म्हणून केलं," मी म्हटलं.

उद्यापासून येऊ नका म्हणाले. तक्रारीला एवढा घाबरणारा माणूस त्या खुर्चीत काहून बसवतात, सांगा बरं?