मादाम बास्तीद यांचं खरबूज

युगेत बास्तीद फ्रान्समधल्या लेक्तूर गावच्या शुक्रवारच्या बाजारात शिरली की फळवाले एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची तीस वर्षं गेली होती. पेटीत वर गुलाबी पीच आणि तळाशी बुरशी, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की निवृत्त झाल्यावरही तिचा कोणावर विश्वास बसेना. "चाखून बघू?" असं विचारायची, आणि लगेच, "वरचं नको, खालचं दाखव."

खरबूज मात्र ती नाकानं निवडायची. बुडाशी नाक लावून डोळे मिटायची. मायलिस या तरुण फळवालीच्या गाड्यावर 'हात लावू नये' अशी पाटी होती, पण मादाम बास्तीदना अडवणार कोण? मायलिस सगळ्यांसारखं तिलाही विचारायची, "आज खायचंय की उद्या?" युगेत उत्तरच द्यायची नाही. आज म्हटलं की ही पोरगी मऊ पडलेलं गळ्यात मारणार, याची तिला खात्री होती.

एका हिवाळ्यात तापानंतर युगेतची वास घ्यायची शक्तीच गेली. कॉफी, साबण, कशाचाच वास येईना. ही गोष्ट तिनं डॉक्टरांखेरीज कोणालाही सांगितली नाही. बाजारात कळलं तर सगळे लुटतील! जुलैत खरबुजं आली तेव्हा ती नुसतं हुंगण्याचं सोंग करू लागली.

पहिलंच खरबूज आंबलेलं निघालं. जेवायला आलेल्या नणंदेनं फोड तोंडात घातली आणि गुपचूप रुमालात काढली.

पुढच्या शुक्रवारी युगेत तावातावानं गाड्यापाशी गेली. "सडकं दिलंस मला!"

"मी? तुम्हीच निवडलंत की, मादाम. चांगलं हुंगून!" मायलिस बोलता बोलता थांबली. तिनं खालून एक खरबूज काढून पुढे धरलं. "हे कसं आहे?"

मुलगी परीक्षा घेतेय, हे युगेतला कळलं. उत्तर मात्र कळेना. "छान आहे," ती म्हणाली.

"हे मी कोंबड्यांसाठी बाजूला ठेवलंय," मायलिस हळूच म्हणाली.

युगेतनं आधी शेजारच्या लसूणवाल्याकडे पाहिलं. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता, की बोलल्यासारखं करत होता?

"कोणाला सांगशील?"

"काय सांगायचंय त्यात? बोला, कधी खाणार?"

"आज. दुपारी."

मायलिसनं चार खरबुजं हातात घेऊन पाहिली आणि पाचवं तिच्या पिशवीत ठेवलं.

घरी येऊन युगेतनं ते कापलं. रंग बरा होता, पण रंगावर कोण भुलणार? तिनं शेजारच्या म्हाताऱ्या देस्पोंना हाक मारली. "जरा वास घेऊन बघा हो."

"अहाहा, मधासारखा!" म्हणत देस्पो खुर्ची ओढून बसलेसुद्धा. फुकट मिळतंय म्हणून म्हणत असतील, तिला वाटलं. पण नुसतं गोड बोलायचं म्हणून कोणी अर्धं खरबूज संपवत नाही. मग तिनंही एक फोड घेतली. थंड लागली, गोड लागली. बाकी काही कळलं नाही.

उरलेलं तिनं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. देस्पोंची नजर अजून त्यावरच होती.