मामांच्या बॉयलरचा आधीचा धूर

ऑफिसात तिला धूरबाई म्हणत. नवा बॉयलर बसवला नाही, तर जुना वर्षभरात किती धूर ओकेल, याचा आकडा ती काढायची. त्यातून नव्याचा धूर वजा केला की वाचलेला धूर उरे. तो कार्बन क्रेडिट म्हणून बड्या कंपन्यांना विकून संस्था पुढचे बॉयलर फुकट बसवी. थोडक्यात, आधीचा धूर जितका दांडगा तितकं नशीब थोर.

तिच्या मामांचा धूर दांडगा नव्हता. हॉटेलांच्या चादरी उकळणारा त्यांचा बॉयलर तीन जागी जोडलेला आणि चौथीकडून ठिबकणारा. तो गेला की लाँड्री गेली. पण मामा लाकडं उन्हात वाळवत, बॉयलरला गोणपाट गुंडाळत, निथळलेलं गरम पाणी पुन्हा आत ओतत. समोरचा लाँड्रीवाला ओली लाकडं कोंबायचा. त्याचा अर्ज मंजूर झाला, मामांचा परत आला.

"म्हणजे आयुष्यभर काटकसर केली, हे माझं चुकलं?"

"चुकलं नाही मामा. पण वाचवण्यासारखं काही ठेवलंच नाहीत तुम्ही."

ती साहेबांशी भांडली. साहेब म्हणाले, "परत मोज. फक्त नेहमीसारखं चालू दे म्हणावं."

मोजणीच्या दिवशी मामांनी कुठूनशी ओली लाकडं आणली आणि भट्टीचं दार सताड उघडं टाकलं. धूरबाई भिंतीवरची पाल निरखू लागली. तेवढ्यात मामी चादरींचं बोचकं घेऊन आल्या आणि जाता जाता त्यांनी दार पायानं लोटलं. मामांनी उघडलं. मामींनी पुन्हा लोटलं, ओली लाकडं उचलून उन्हात फेकली.

"वेड लागलंय का तुम्हाला? ऊब सगळी बाहेर चाललीय!"

"अगं, ती मोजतेय..."

"मग निदान तिच्यासमोर तरी नीट वागा!"

आकडा जवळपास पहिलाच आला. धूरबाईनं तो तसाच पाठवला. पुन्हा आलेला नकार सांगायला गेली, तेव्हा मामांनी नवा मार्ग शोधून ठेवला होता.

"समोरच्याचा जुना बॉयलर आता रिकामाच होणार ना? माझ्या बॉयलरपेक्षा धडधाकट आहे. तो तरी मिळव."

"नाही मिळणार. जुना फोडायचा, असा नियम आहे. नाहीतर कुणीतरी पुन्हा पेटवेल."

"कुणीतरी म्हणजे मीच."

"हो."

"आणि फोडणार कोण? तू?"

"नाही हो," ती म्हणाली. "मी नुसतं उभं राहून पुराव्याला फोटो काढायचे."