रेष सरळ करू नका

हेमलता भोईरबाईंची आणि माझी पहिली भेट आमच्या ठाण्यातल्या डीटीपीच्या दुकानामुळे झाली. त्यांच्या चित्रकलावर्गाच्या पत्रकाचे प्रूफ दाखवायला मी बाळकुमला त्यांच्या घरी गेलो होतो. वर्ग भरलेला होता. बाईंनी प्रूफ घेतले, उलटे धरले, डोळे किलकिले केले आणि म्हणाल्या, "सगळं काळं खाली साचलंय. बुडेल हा कागद."

मला वाटले, बाईंना नीट दिसत नसावे. मी हळूच कागद सुलटा करून दिला. मुले फिदीफिदी हसली.

"बस इथे," बाई म्हणाल्या. "उलटा का धरला ते कळेपर्यंत बस."

मी अजून तिथेच बसतो, दर रविवारी.

बाई बाळकुमच्याच. त्यांच्या घरच्यांनी मिठागरांत कामे केली. बाईंनी शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर घरात वर्ग सुरू केला. त्यांच्याकडे पेन्सिल नाही, खोडरबर नाही. टाक, ब्रश आणि काळी शाई, बस्स. चित्र उलटे धरले की झाड झाड राहत नाही आणि घर घर राहत नाही. कुठे किती काळे आहे, एवढेच दिसते. त्या काळ्याला वजन असते, हे बाई फळीच्या झोक्यावरून समजावतात. "जाडं पोर मध्याकडे सरकलं आणि बारकं पोर पार टोकाला बसलं, की फळी सपाट राहते की नाही? तसंच. मोठा काळा आकार मधे, तर कडेला लहानसा, पण दाट रेघांचा."

एकदा एका मुलीच्या कागदावर शाईचा भलामोठा थेंब पडला. ती कागद चुरगळू लागली, तर बाईंनी तिचा हात धरला. "अगं, टाकतेस काय? पडला तो पडला. आता त्याला समोरून जोडीदार दे." त्या मुलीने थेंबाची म्हैस केली आणि दूर कोपऱ्यात बगळ्यांची दाटी केली. ते चित्र बाईंच्या भिंतीवर आजही आहे.

बाई मायाळू आहेत, पण लाड करत नाहीत. मी दिवा स्टेशनजवळ राहतो. आमच्याकडे पाणी आले नसेल, तर बाईंना माझ्या तोंडावरून कळते. "आधी न्हाणीत जा," त्या सांगतात, "पारोशा माणसाची रेघ चिकट येते." मी दहावीनंतर शिकलो नाही. एका प्रदर्शनात कोणीतरी मला विचारले, "शिक्षण कुठे झालं?" मी घाबरून बाईंकडे बघितले. बाई पलीकडून म्हणाल्या, "चालू आहे. माझ्याकडे."

काही वर्षांपूर्वी बाईंच्या उजव्या हाताला कंप सुटला. औषधे चालू आहेत. कंप कमी-जास्त होतो, जात नाही. भेटायला येणारे सांगू लागले, "बाई, खूप केलंत. आता आराम करा." बाईंनी एकाला विचारले, "आराम केला तर हात हलायचा थांबेल का?" तो म्हणाला, "नाही, तसं नाही..." बाई म्हणाल्या, "मग हलतोच आहे तर काढू दे."

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथाचे मुखपृष्ठ त्यांनी याच हाताने काढले आहे. ग्रंथाच्या समितीने जुने चित्र मागितले होते. बाईंनी नवे दिले: मध्याजवळ चिखलात रुतलेली मोठी काळी होडी, उजव्या टोकाला लहानशी बाभूळ, आणि दोन्हींच्या मधे मोकळी खाडी.

ग्रंथाची मांडणी करणारे केदारदादा बाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांनी बाभळीच्या थरथरत्या रेषा संगणकावर सरळ, स्वच्छ करून घेतल्या. छपाईचे काम आमच्याच दुकानाकडे होते, म्हणून प्रूफ घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांनी ते उलटे धरले आणि बाभळीवर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "हे मी काढलेलं नाही. हेच छापायचं असेल तर माझं नाव काढा. आणि प्रकाशनाच्या कार्यक्रमाला माझी वाट बघू नका."

समितीच्या बैठकीत मी हा निरोप सांगितला.

"अरे, मी वाईट केलं का?" केदारदादा कळवळून म्हणाले. "बाईंचा हात हलतो ते चारचौघांत कशाला दाखवायचं? त्यांची शोभा नको व्हायला."

"दादा, शोभा कशाने होते ते उलटं करून बघू," मी म्हणालो आणि दोन्ही चित्रे फळ्यावर उलटी लावली.

बाईंच्या चित्रात थरथरलेल्या रेषा एकमेकींवर चढल्या होत्या, त्यांची दाट काळी जाळी झाली होती; त्या एवढ्याशा बाभळीने अख्खी होडी तोलून धरली होती. सरळ केलेल्या चित्रात रेषांमध्ये फटी पडल्या होत्या. झाड हलके झाले होते आणि सगळे चित्र होडीच्या बाजूला घसरत होते.

केदारदादा उठले. डोके तिरके करून त्यांनी दोन्ही चित्रे पाहिली. "आयला," ते म्हणाले, "हात हलतोय, पण चित्र हलत नाहीये. हललं ते माझंच." आणि सरळ केलेला कागद त्यांनी स्वतः काढून घेतला. एक सदस्य तरीही कुरकुरले, "मधे एवढी पांढरी जागा आहे, तिथे निदान 'अमृतमहोत्सव' तरी सोनेरी अक्षरांत येऊ दे." त्यांना केदारदादांनीच उत्तर दिले, "काका, ती जागा रिकामी नाहीये. तीच तर खाडी आहे."

म्हणून मुखपृष्ठ हे असे आहे. छपाईत काही बिघडलेले नाही, कृपया दुकानात फोन करू नये. समितीतल्या वडीलधाऱ्यांनी मला हा लेख "बाईंनी कलेची सेवा केली" अशा थाटात लिहायला सांगितले होते. त्यांची क्षमा मागून सांगतो, मी तसे लिहिणार नाही. बाई चित्रे काढतात. येत्या रविवारीही काढतील.

अशा लेखाच्या शेवटी आयुष्य आणि आरोग्य मागतात. बाई, मी दोन्ही मागतो, आणि हात बरा झाला तरच, अशी अट घालत नाही. ज्यांना तुमची ही रेष बघवत नाही, त्यांची नजर तयार होईपर्यंत तुम्ही काढत राहा. आणि त्यांची नजर तयार व्हायला भरपूर वर्षे लागोत.