दोन कॉटांची खोली आणि दोन बायपास

हॉस्पिटलमधून घरी आलं की दुखणं कमी होत जातं आणि किस्से वाढत जातात. आमच्या मंगळवार पेठेत कुणाची बायपास झाली म्हणजे गल्लीला करमणुकीचा प्रोग्रॅमच! बघायला आलेल्या माणसाला मी छातीवरचा व्रण दाखवायला लागलो, की तो म्हणतो, "त्ये ऱ्हाऊ दे अण्णा, तात्यांचं सांगा."

तात्या म्हणजे माझ्या शेजारच्या कॉटवरचे पेशंट. शाहूवाडीकडचे, भातशेती करणारे. सोबत त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. माझं भांड्याचं दुकान. दोघांचंही ऑपरेशन एकच, डॉक्टर एकच. आधी माझा नंबर, दुसऱ्या दिवशी तात्यांचा.

*

ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असलं की एक तोटा असतो. भेटायला यायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो.

आमचे शेजारी बाबूराव आले. खुर्ची ओढून बसले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"माझ्या साडूचं पण ह्येच ऑपरेशन झालतं."

"बरं! आता कसे हायत?"

"कोण?"

"साडू."

"ते व्हय? ते गेले की!"

माझी बायको पद्मा बॅग भरत होती. तिचा हात थांबला. काहीतरी चुकलंय हे बाबूरावांच्याही ध्यानात आलं.

"ऑपरेशननं न्हाय वो वहिनी! ऑपरेशन एक नंबर झालतं. टेन्शननं गेले." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, तेवढं टेन्शन घेऊ नका."

*

डाएटिशियन मुलगी आली. आधी मला विचारलं, "काका, मटण, अंडी?"

"आम्ही जैन. कांदा-बटाटासुद्धा न्हाय."

"रात्रीचं जेवण उशिरा होतं का?"

"दिवस मावळायच्या आत."

"तंबाखू? ड्रिंक्स?"

"न्हाय."

ती बिचारी गोंधळली. "मग काका, तुम्हाला हे झालं कशानं?"

शेजारच्या कॉटवरून उत्तर आलं, "बसून."

मग ती तात्यांकडं वळली. म्हणाली, "काका, इथून पुढं तेल दिवसाला दोनच चमचे."

तात्यांनी शांतपणे विचारलं, "चमचा कुठला? च्याचा का भाताचा?"

*

तात्यांची मिशी मोठी. नुसती मोठी नव्हे, त्यांच्याआधी खोलीत शिरणारी! भूल देणारे डॉक्टर तपासायला आले आणि म्हणाले, "तोंडातून नळी घालायची आहे. ती चिकटपट्टीनं बसवावी लागते. मिशी काढलेली बरी."

तात्या उठून बसले.

"डाक्टर, छाती फाडा. पायाची शीर काढा. काळीज बाहेर काढून बघा. मी काय म्हणलो का?"

"नाही."

"मग मिशीवर कशाला येताय?"

डॉक्टरांनी काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "मला नगा विचारू. मी तिच्याकडं बघूनच हो म्हणलेली."

शेवटी नळी कापडी नाडीनं बांधायची ठरली. तात्या ऑपरेशनला गेले ते मिशीसकट, आणि परत आले तेही मिशीसकट.

*

आता माझं. मला ट्रॉलीवरून थिएटरकडं नेलं. दारात पद्मा वाकली. खरं सांगतो, वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसारात ही आज काहीतरी बोलणार.

म्हणाली, "दुकानाच्या मागच्या दाराची किल्ली कुठं हाय?"

"पितळी घागरीत," मी म्हणालो. दार बंद झालं. भूल चढेपर्यंत मला तिचा राग येत होता. माणूस चाललाय कुठं, आणि ही विचारतीय काय!

शुद्धीवर आलो, नळी काढली. आयसीयूत तिला थोडा वेळ आत सोडलं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, नुसते डोळे दिसत होते. परत वाकली.

"मागच्या दाराची किल्ली कुठं हाय?"

मी कसाबसा म्हणालो, "सांगितलं की. पितळी घागरीत."

तर ही तिथंच रडायला लागली. सिस्टर धावत आली, "काय झालं हो?"

"काय न्हाय वो," पद्मा म्हणाली. "डोकं शाबूत हाय त्यांचं."

*

दुसऱ्या दिवशी तात्या शुद्धीवर आले तेव्हा मी आयसीयूतच होतो. सिस्टरनं विचारलं, "काका, नाव सांगा." सांगितलं. "कुठं आहात आत्ता?"

"कोल्हापुरात."

"शाब्बास! कशासाठी आलाय कोल्हापूरला?"

"म्हस बघाय."

सिस्टरचा चेहराच उतरला. तिनं परत विचारलं. तात्या म्हणाले, "म्हस. मुऱ्हा. दुभती." ड्युटीवरचा डॉक्टर पळत आला. डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं किती ते विचारलं, हात वर करायला लावले. सगळं बरोबर, फक्त म्हैस हटेना. मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावायची तयारी झाली, आणि तेवढ्यात काकूंना आत बोलावलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर हाय की! म्हस बघाय जायचं म्हणूनच घरातनं काढलंतं. न्हायतर आलं असतं व्हय हे?"

*

छाती शिवलेली असली की खोकताना उशी छातीशी धरायची असते. आम्ही दोघं उशा कवटाळून, मागनं नाड्या बांधायचा तो गाऊन घालून कॉरिडॉरमध्ये चालायचो. फिजिओथेरपीवाल्या मॅडम पुढं. त्या म्हणायच्या, "काका, मान वर! लांब बघा!"

मी मान वर करून लांब बघत चाललो होतो. मागनं तात्यांचा आवाज आला.

"पावणं, लांब बघा, पर मागचं दार उघडं हाय."

*

आमचे सर्जन फार कमी बोलायचे. राउंडला आले की "छान", एवढंच. तात्यांचं ऑपरेशन झाल्यावर मात्र ते बाहेर येऊन काकूंना समजावून सांगत होते. पद्मा शेजारीच बसली होती, तिनं हे ऐकलं. ते म्हणाले, "सगळं नीट झालं. मध्ये थोडा वेळ हृदय थांबवावं लागलं, आता परत चालू झालंय."

"थांबलंतं?"

"हो काकू. थांबवूनच करतात."

काकूंचा हात गळ्यातल्या डोरल्याकडं गेला.

"मग तेवढा येळ मी कोण हुते?"

सर्जनना बहुतेक हे आधी कुणी विचारलं नसावं. म्हणाले, "मशीन होती काकू. रक्त तीच फिरवत होती."



आम्हा दोघांना एकाच दिवशी सोडलं. बॅगा भरून झाल्या तरी काकूंचा पत्ता नाही. पद्मा शोधायला निघाली, मीही हळूहळू मागं गेलो. काकू थिएटरच्या दाराशी, 'ओ.टी.' लिहिलेल्या पाटीखाली उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत नारळ, खण, तांदूळ. सिस्टर त्यांना अडवत होती.

"काकू, ओटीत बाहेरचं काही नेता येत नाही."

"ओटीत न्हाय घालायचं तर कुठं घालायचं?"

"अहो, पण कुणाच्या?"

"तुमच्या त्या मशिनीच्या. माझं कुंकू राखलंय तिनं."

सिस्टरला हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. नुकतंच कुणाचं तरी ऑपरेशन आटोपलं असणार, अंगात तो हिरवा गाऊन तसाच होता. सिस्टरनं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. काकूंकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं.

मग त्यांनी गाऊनचा पुढचा घेर दोन्ही हातांनी धरला आणि काकूंच्या पुढं केला.

"जरा वर धरा," काकू म्हणाल्या, "तांदूळ सांडत्यात."